न पुसणारी पाटी

अक्षर म्हणजे ज्याचा नाश होत नाही ते, असे आपण शिकलो. भिंतीवरच्या अक्षराला मात्र हा नियम लागू नाही. चुन्याचा एक हात फिरला की ते गेलेच! तरीही ज्यांच्या हाती छापखाना नाही आणि सत्ताही नाही, ती माणसे आपले म्हणणे मांडायला भिंतीकडेच वळत आली आहेत.

आमच्या पालघर जिल्ह्यातलेच पाहा. डहाणूजवळच्या वाढवण गावी मोठे बंदर बांधण्याची कल्पना जुनी. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ साली तिला नकार दिला. २०२३ साली परवानगी दिली. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला सुमारे ७६ हजार कोटींच्या या बंदराची पायाभरणी झाली. विरोध करणाऱ्या मच्छीमारांची घोषणा एकच : 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द'. बंदर व्हावे की न व्हावे, हा वाद येथे नको. मराठीचा शिक्षक म्हणून मी नुसती ती ओळ पाहतो. 'जिद्द' आणि 'रद्द' हे दोन्ही शब्द मुळात अरबी. पण आमच्या किनाऱ्यावर ते जन्माचे सोयरे झाले. आणि तो 'द्द' पाहा! एका 'द'च्या पोटाशी दुसरा बिलगलेला. फलकावर जाड कुंचल्याने काढला की ओरडायची गरजच उरत नाही.

आता भिंतीवाचून लिहिण्याची विद्याही निघाली आहे. तिचे नाव ऑगमेंटेड रिॲलिटी. फोनचा कॅमेरा एखाद्या जागेवर धरावा. पडद्यावर ती जागा तर दिसतेच, शिवाय तेथे नसलेली चित्रे नि अक्षरेही दिसतात. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटली, तेव्हा मार्क स्क्वारेक या अमेरिकन कलावंताने सहकाऱ्यासह एक युक्ती केली. त्या कंपनीच्या बोधचिन्हावर फोन धरला की त्यातून फुटका नळ बाहेर येई आणि तेल उसळे. पुसणार काय आणि कसे?

पण या विद्येत एक उणीव आहे. भिंतीवरचे अक्षर ज्याला वाचायचे नाही त्याच्याही डोळ्यांत शिरते. फोनमधले अक्षर ज्याला पाहायचे आहे त्यालाच दिसते. साहेबांनी फोन खिशातून काढलाच नाही, तर निषेध कुणापुढे? तेव्हा वाढवणच्या फलकाची जागा फोन घेणार नाही.

त्याचे खरे काम आहे तारापूरला. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. माणसे दुसरीकडे वसवली गेली. पुनर्वसनाचे भांडण उच्च न्यायालयापर्यंत पोचले. २००५-०६ पासून ते संच वीज देऊ लागले. जुन्या गावठाणात आता पाटी लावायला भिंत नाही. नातवाला गाव दाखवायचे तर आजोबांनी बोट कुठे करावे? समजा, लांबवर, जेथे मनाई नाही अशा जागी उभे राहून त्यांनी त्या दिशेला फोन धरला आणि आभाळावर ठसठशीत देवनागरीत 'अक्करपट्टी' हे नाव उमटले, तर? शिवी नाही, घोषणा नाही. येथे एक गाव होते, एवढेच सांगणे. याहून सौम्य निषेध कोणता, आणि खोडायला याहून कठीण कोणता?

अर्थात फोनही जुने होतील, त्यांतली यंत्रणा बंद पडेल. मग ते नाव पुन्हा कुणीतरी लिहायला हवे. दारातली रांगोळी रोज पुसली जाते. पण रोज काढणारे हात घरात आहेत, म्हणून ती शेकडो वर्षे टिकली आहे.