पहारा दुसऱ्याच्या हाती देता आला पाहिजे

“फौजेत रविवार नसतो” हे वाक्य प्रत्येक फौजीने ऐकलेले असते आणि बहुतेकांनी ते कधी ना कधी छाती फुगवून म्हटलेलेही असते. सीमेवर ते खरेच आहे. तिथे आजचा वार कोणता, हे ड्यूटीचा तक्ता पाहिल्याशिवाय आठवत नाही. पण एवढ्या वर्षांच्या पोस्टिंगमध्ये मी पाहिले आहे की माणूस जास्त पिचतो तो पीस स्टेशनला. इन्स्पेक्शन, कॉन्फरन्स, प्रेझेंटेशन, आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर “उद्या सकाळपर्यंत हवे.” रायफल कोतमध्ये जमा असते, पण डोके चोवीस तास स्टँड-टूमध्ये.

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातला. आमच्या मराठी शास्त्रात एक सुंदर शब्द वारंवार येतो, विसावा. सुट्टी वेगळी, आराम वेगळा. काम संपले की विसावा घेऊ, असे आपण म्हणतो. पण काम संपत नसते. माझे मत असे की विसावा हा कामातून उरलेला वेळ नाही. पहारा आपल्यापेक्षा भरवशाच्या हाती सोपवणे म्हणजे विसावा.

फौजी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. पोस्टवर संत्री सहसा दोन तास उभा राहतो, मग बदली येते. बंकरमध्ये बाकीचे गाढ झोपतात, कारण बाहेर आपला माणूस जागा आहे याची त्यांना खात्री असते. त्या झोपेला कोणी आळस म्हणत नाही. उलट बदली झाल्यावरही जो झोपत नाही, तो दुसऱ्या दिवशी पोस्टला धोका ठरतो. 121व्या स्तोत्रात देवाचे वर्णन डुलकीही न घेणारा रक्षक असे केले आहे. तो जागा आहे यावर विश्वास असेल, तर रात्री फोन उशाखाली घेऊन पडण्याची गरज काय? मार्काच्या शुभवर्तमानात वादळात नाव बुडायला आली आहे, कसलेले कोळी घाबरले आहेत आणि प्रभू येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला आहे. वादळ त्याच्यासाठीही तेवढेच होते. फरक भरवशाचा होता.

आता एक आक्षेप. डेहराडूनच्या अकादमीत चेटवूड यांच्या 1932च्या भाषणातील वचन प्रत्येक अधिकारी मनात कोरून घेतो: आधी देश, मग आपले जवान, स्वतःचा आराम सगळ्यात शेवटी. मग विसाव्याची भाषा स्वार्थाची नाही का? मला वाटते, दहा आज्ञांतील शब्बाथाची आज्ञा नीट वाचली तर उत्तर तिथेच सापडते. ती आज्ञा “तू विश्रांती घे” एवढ्यावर थांबत नाही. तुझा दास, तुझी दासी, तुझी जनावरे, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, या सगळ्यांना विश्रांती मिळाली पाहिजे, असे ती सांगते. अनुवाद या पुस्तकात तर कारणही दिले आहे: तूही मिसरात गुलाम होतास, हे विसरू नकोस. म्हणजे ही आज्ञा मुख्यतः ज्याच्या हातात अधिकार आहे त्याला आहे.

युनिटमध्ये याचा अर्थ रोज दिसतो. साहेब रविवारी ऑफिसात बसले की क्लार्क बसतो, ड्रायव्हर बसतो, रनर बसतो, सुभेदार साहेब घरी जेवायला जात नाहीत. कोणी तक्रार करत नाही. पण चार घरांतली मुले बाबांची वाट पाहत असतात. अधिकाऱ्याचा विसावा म्हणजे जवानाचा विसावा. चेटवूड यांच्या दुसऱ्या ओळीत तो बसतो, तिसऱ्या नव्हे.

विसावा म्हणजे जबाबदारी टाकून देणे, असेही कोणी समजू नये. थकलेल्यांनो, माझ्याकडे या, असे बोलावताना येशू लगेच म्हणतो की माझे जू आपल्यावर घ्या. शहरात वाढलेल्याला हे कोडे वाटेल. आमच्याकडच्या शेतकऱ्याला वाटणार नाही. नवा बैल तो जुन्या, शिकलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतो. ओझे राहते, पण चाल जोडीदार सांभाळतो. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच बैलाचे खांदे हळद-तुपाने मळले जातात. जू जिथे घासते, तिथेच हात फिरतो. बैलाला जे देतो ते स्वतःच्या मनाला द्यायला आपण लाजतो.

पोस्टवर चर्च नसते. सर्वधर्म स्थळाची एक खोली असते, कधी तीही नसते. तरी पीटीच्या आधीची पंधरा मिनिटे पुरतात: एक उतारा, थोडी शांतता, कालची काळजी नावानिशी देवासमोर ठेवणे. रविवार जमला नाही तर बुधवार. शब्बाथ माणसासाठी आहे, हे येशूनेच सांगून ठेवले आहे. आणि फार थकलेल्याने आधी झोपावे. एलिया जीव नकोसा होऊन रानात झाडाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर-पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले.

निवृत्त बंधूंनाही एक सांगतो. पेन्शन सुरू झाली म्हणून विसावा आपोआप मिळत नाही. वर्दी उतरली तरी पहाटे चारला उठून उगाच काळजीचा पहारा देणारे कितीतरी दादा आपल्या ओळखीचे आहेत. त्यांना फोन करा, चहाला बोलवा.

आणि जे अजून सेवेत आहेत त्यांना एवढेच: या शनिवारी रात्री जवानांना पाठवायचा तो मेसेज लिहून ठेवा, पण पाठवा सोमवारी. अगदीच तातडीचे असेल, तर गोष्ट वेगळी.