उधळपट्टी आवरा, कामे मात्र थांबवू नका

सरकारने हात आखडता घेतला की महागाईला आळा बसतो, हे खरे आहे. परंतु हात कोठे आखडता घेतला, यावर साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील कारखान्यांची आणि ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातील सुतारांची रोजी अवलंबून आहे.

1990-91 साली केंद्राची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 8 टक्के झाली होती. त्या काळी सरकारला पैसा कमी पडला की रिझर्व्ह बँक हंगामी ट्रेझरी बिले घेऊन नवा पैसा पुरवीत असे. माल तेवढाच आणि पैसा जास्त, म्हणून भाव चढत. एप्रिल 1997 पासून ही बिले बंद झाली, हे योग्यच झाले. परंतु त्या दशकात कात्री लागली ती मुख्यतः भांडवली कामांना. व्याज आणि पगाराचा बोजा मात्र तसाच राहिला.

आता आपल्या राज्याकडे पाहू. 2025-26 च्या अर्थसंकल्पात 45,891 कोटी रुपयांची महसुली तूट दाखविण्यात आली होती, म्हणजे रोजचा खर्चसुद्धा कर्ज काढून. एकूण कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. व्याज 7 टक्के धरले तरी वर्षाला 65 हजार कोटी होतात. राज्य सरकार नोटा छापू शकत नाही. हा खड्डा अखेर जनतेच्या खिशातूनच भरला जातो. ऑक्टोबर 2024 मध्ये अनेक दस्तऐवजांचे 100 व 200 रुपयांचे मुद्रांक शुल्क 500 रुपये झाले, ते आपणच भरतो.

लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये काही अंशी आपल्याच दुकानांत येतात. गरजू भगिनींचा घास काढावा असे आम्ही म्हणणार नाही. पण 2025 मधील छाननीत लाभार्थ्यांत सरकारी नोकर आणि पुरुषही निघाले. ही गळती थांबविणे म्हणजेच खरी काटकसर. उलट त्याच वर्षी राज्यातील सरकारी कंत्राटदारांना थकीत बिलांसाठी आंदोलने करावी लागली. कंत्राटदाराचे पैसे अडकले की त्याच्या हाताखालचा फॅब्रिकेटर, सुतार, रंगारी यांची मजुरी अडकते. बिल थकविणे ही काटकसर नव्हे. ते गरिबाकडून घेतलेले बिनबोभाट कर्ज आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : जाहिराती, समारंभ आणि अपात्रांचे लाभ आधी कापा, रस्ते, शाळा आणि आयटीआयच्या पैशाला हात लावू नका, आणि झालेल्या कामाचे पैसे वेळेवर द्या.

कारागीर बंधूंनीही गाफील राहू नये. 2006 च्या लघुउद्योग कायद्यानुसार लहान उत्पादकाच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत मिळाले पाहिजेत. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती मोफत आहे. ऑर्डर घेण्यापूर्वीच ती करून ठेवा आणि प्रत्येक व्यवहाराचे पक्के बिल फाडा. कागद हाती असेल, तरच हक्क मागता येईल.