उताऱ्याखालचे प्रश्न

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत एक न पाहिलेला उतारा असतो आणि त्याखाली प्रश्न, म्हणजे आजच्या परिभाषेत 'कृती', असतात. मुलाला वाचलेले कितपत समजले हे पाहणे हा त्यांचा उद्देश. मात्र पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातील मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळांतून महाविद्यालयात येणारी मुले वर्षानुवर्षे पाहिल्यानंतर, या उताऱ्यांचा सराव जितका अधिक तितके आकलन कमी, असे म्हणण्याचा मोह होतो. विधान अतिशयोक्त आहे, हे मान्य. पण ते अगदीच निराधार नाही.

पुढील वाक्य पाहावे : 'चिमूळ ढबकाने सकाळी भिरक्याला तीन खमटे लोटवले.' प्रश्न पहिला : ढबकाने भिरक्याला काय लोटवले? उत्तर : तीन खमटे. प्रश्न दुसरा : केव्हा लोटवले? उत्तर : सकाळी. प्रश्न तिसरा : ढबक कसा होता? उत्तर : चिमूळ. तीनही उत्तरे बरोबर, पैकीच्या पैकी गुण. ढबक हा प्राणी आहे, माणूस आहे की यंत्र, हे मात्र वाचकाला ठाऊक नाही. वाक्य मीच रचले असूनही मलाही ठाऊक नाही. आपल्याला निदान मराठीचे प्रत्यय कळतात, म्हणून कर्ता कोण आणि कर्म कोण हे सांगता येते. इंग्रजी उताऱ्यासमोर बसलेल्या मुलाला तेवढीही गरज पडत नाही. प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याखाली रेघ ओढायची आणि ते वाक्य पूर्णविरामापर्यंत उतरवून काढायचे. 'आधी उतारा वाचू नका, आधी प्रश्न वाचा' हा उपदेश निगडी-भोसरीच्या कुठल्याही क्लासमध्ये मिळतो. परीक्षेपुरता तो शहाणपणाचाच आहे. वर्गात साठ मुले आणि बोर्ड तोंडावर असताना शिक्षकाने दुसरे काय करावे, हा प्रश्नही रास्त आहे. पण या सरावातून जे कौशल्य येते ते वाचनाचे नव्हे, शोधण्याचे. उताऱ्यातील शेवटची कृती, जिथे मुलाने स्वतःचे मत लिहायचे असते, ती एकतर कोरी राहते किंवा तिथे पाठ केलेली चार वाक्ये अवतरतात. उतारा वृक्षतोडीवर असो की मोबाइलवर, वाक्ये तीच.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणण्याचा निर्णय २००० साली झाला. तेव्हाचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे हे याच परिसराचे. चाकण ज्यात येत असे त्या खेड लोकसभा मतदारसंघाचे १९८० च्या दशकातील खासदार. चिंचवडचे प्रेक्षागृह आज त्यांच्या नावाने आहे. त्या निर्णयाला मराठीच्या अभ्यासकांनी बराच विरोध केला. त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. एवढेच म्हणावे लागते की पूर्वी पाचवीपासून सुरू होणारी इंग्रजी चार इयत्ता आधी आली, पण ती कशी वाचायची याचा विचार मात्र त्या प्रमाणात पुढे सरकला नाही. अक्षरे आधी आली, उच्चार आधी आले. अर्थ जिथे होता तिथेच राहिला.

हे केवळ माझे निरीक्षण नव्हे. 'असर'ची २०२३ सालची पाहणी ग्रामीण भागातील चौदा ते अठरा वयाच्या मुलांची होती. तीत इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी मुले ५७.३ टक्के आढळली, आणि त्यांतील ७३.५ टक्के मुलांनाच वाचलेल्या वाक्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे अस्खलित वाचणाऱ्या चौघांतील एकाला आपण काय वाचले हे सांगता येत नाही. आणि ती वाक्येही साधी, सुटी, उतारा नव्हेच. त्याच पाहणीतील दुसरा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. सुमारे चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या प्रादेशिक भाषेतही सहज वाचता आला नाही. ज्याला मराठी परिच्छेदाचा सारांश सांगता येत नाही त्याच्याकडून इंग्रजी परिच्छेदाचा सारांश मागणे म्हणजे पाया न खोदता दुसरा मजला बांधायला काढणे होय.

मराठीचा शिक्षक या विषयात नाक का खुपसतो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर व्याकरणात आहे. मुले इंग्रजी वाचताना जिथे अडखळतात ती ठिकाणे बहुधा अवघड शब्दांची नसतात. कारखान्यात यंत्राशेजारी हमखास दिसावी अशी एक सूचना घ्या : 'डू नॉट स्टार्ट द मशीन अनलेस द गार्ड इज इन प्लेस.' मशीन, स्टार्ट, गार्ड हे शब्द या पट्ट्यातल्या मुलाला इंग्रजी वाटतही नाहीत. ते त्याच्या घरात बोलले जातात. सगळा अर्थ 'अनलेस'मध्ये आहे, आणि नेमका तोच शब्द तो ओलांडून जातो. किंवा 'वेट अनटिल द लाइट टर्न्स ग्रीन' हे वाक्य. मराठीत आपण 'दिवा हिरवा होईपर्यंत थांबा' म्हणतो, तसेच 'जोवर दिवा हिरवा होत नाही तोवर थांबा' असेही म्हणतो. दुसऱ्या रचनेत नकार आहे. इंग्रजीत तो नाही. 'यातला नाही कुठे गेला, सर?' असे एखादा मुलगा विचारतो, तेव्हा त्याला खरोखर काहीतरी समजू लागलेले असते. 'काल आलेला मुलगा' यात आपण विशेषण आधी ठेवतो, इंग्रजी ते नामाच्या मागे जोडते. मराठी वाचक क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबतो, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येऊन बसते. हे फरक दोन्ही वाक्ये शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाहीत, आणि शेजारी ठेवणे तर निषिद्ध! इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचे नाही, हा आपल्याकडचा नवा सोवळेपणा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्यांचे उच्चार सदोष असतील. पण 'अनलेस' त्यांनी ओलांडला नव्हता.

याची किंमत गुणपत्रिकेत दिसत नाही, पुढे दिसते. आमचा एक विद्यार्थी एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून लागत होता. त्याच्या हातात इंग्रजी करारपत्र होते. त्याने ते मला खणखणीत वाचून दाखवले, एकही उच्चार चुकला नाही. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी मिळेल असे त्यात लिहिले आहे, हा त्याचा समज होता. करारात नोकरीचा उल्लेख होता खरा. पण तो 'शॅल नॉट बी एन्टायटल्ड' या शब्दांच्या पुढे होता. त्याने जे केले ते दहावीत शिकवलेलेच होते : ओळखीचा शब्द शोधला आणि वाक्य उचलले. सही त्याने केलीच, करावीच लागली असती. पण कशावर करतो आहोत हे ठाऊक असताना सही करणे आणि नसताना करणे यांत फरक आहे.

उतारे कशाविषयी असावेत, हा प्रश्नही दुय्यम नाही. अमेरिकेत रेश्ट आणि लेस्ली या संशोधकांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन मुलांना वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. वाचन हे डोळ्यांइतकेच आधीच्या माहितीचे काम आहे, असा त्याचा अर्थ. आता खेड तालुक्यातल्या मुलापुढे बैलगाडा शर्यतीचा इंग्रजी मजकूर ठेवून पाहा. घाट म्हणजे काय, बारी म्हणजे काय हे त्याला सांगावे लागत नाही. शर्यतींना परवानगी देणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली वैध ठरवला, ही बातमी तो अडखळत का होईना शेवटापर्यंत वाचील. चाकणच्या बाजारातला कांदा, शिफ्टची बस, आईच्या पगाराच्या चिठ्ठीवरील पीएफची कपात यांवरचे उतारेही तो वाचील. मग अनोळखी विषयांकडे जावे, जायलाच हवे. परंतु सुरुवात ध्रुवीय अस्वलापासून कशासाठी?

मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकाने ढाक्यात राहून १९२० च्या दशकात मांडलेला एक मुद्दा आजही शिळा झालेला नाही. बहुसंख्य मुले शिक्षण अर्ध्यावर सोडतात, तेव्हा जिथे सुटेल तिथे हातात काही उरेल असेच त्यांना आधी द्यावे. आणि ते म्हणजे वाचन. त्यासाठी त्याने मोजक्या शब्दांत लिहिलेली सोपी पुस्तके तयार केली. भर उताऱ्यांवर नव्हे, पुस्तकांवर. आपल्याकडे दहावीपर्यंत इंग्रजीचे एखादे वीस पानांचे गोष्टीचे पुस्तक स्वतःहून संपवलेला मुलगा शोधावा लागतो, कारण पुस्तक संपवण्याला गुण नाहीत.

परीक्षा मंडळाने काय करावे हे सांगणाऱ्यांची वाण नाही. शाळेला स्वतःच्या बळावर करता येण्याजोगी एक गोष्ट मात्र सुचवावीशी वाटते. आठवड्यातून एकदा एकच मजकूर इंग्रजीच्या आणि मराठीच्या तासाला घ्यावा. इंग्रजीच्या शिक्षकाने तो वाचून घ्यावा, प्रश्न एकही विचारू नये. मराठीच्या शिक्षकाने पुस्तक मिटायला लावून 'काय होते त्यात?' एवढेच विचारावे आणि मुलांना मराठीत सांगू द्यावे, भांडू द्यावे, मग पुस्तक उघडून कोण बरोबर ते पाहू द्यावे. यासाठी शासननिर्णय लागत नाही. मुख्याध्यापकांना वेळापत्रकातला एक तास इकडचा तिकडे करावा लागेल, इतकेच.