संशयाची पत

हवामानबदलावर शंका घेणारा प्रत्येक विद्वान तेलकंपन्यांचा मिंधा आहे, असे म्हणणारा एक पक्ष आहे. आणि असा प्रत्येक शंकेखोर बहुमताच्या झुंडशाहीपुढे न नमणारा गॅलिलिओचा वारस आहे, असे मानणारा दुसरा. दोन्ही पक्षांचा आवेश दांडगा असला, तरी शंकेखोराची साक्ष ग्राह्य केव्हा धरावी आणि केव्हा फेटाळावी, याचा उलगडा त्यांपैकी एकालाही झालेला नाही, असे माझे मत आहे.

दुसऱ्या पक्षाचा बळकट दाखला हिमालयातला आहे आणि तो खरा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक मंडळाने २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नामशेष होण्याचे भाकीत केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांनी २००९ च्या अखेरीस त्याहून निराळे चित्र मांडले, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्यांची जाहीर हेटाळणी केली. आणि जानेवारी २०१० मध्ये त्याच मंडळाला तो आकडा निराधार असल्याचे कबूल करावे लागले. पचौरींचे वर्तन अशोभनीय होते. परंतु एक सन खोटा ठरला म्हणून पृथ्वी तापत असल्याचा सारा दावाच खारीज करावा, हे एका सर्व्हे नंबरची नोंद चुकली म्हणून अख्ख्या तालुक्याची जमाबंदी रद्द करा म्हणण्यासारखे आहे.

पहिल्या पक्षाचा ‘पैसा कोणाचा?’ हा सवालही वाटतो तितका निर्णायक नाही. (तो विचारूच नये असे नव्हे, तंबाखू कंपनीचे सल्लागार राहिलेले फ्रेडरिक साइट्झ पुढे हवामानशास्त्राविरुद्धच्या मोहिमेत अग्रभागी दिसले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.) बर्कलीचे पदार्थविज्ञानवेत्ते रिचर्ड मुलर यांना तापमानाच्या नोंदींविषयी गंभीर शंका होत्या : शहरांच्या उष्म्याने आकडे फुगले नसतील ना, सोयीचीच केंद्रे निवडली गेली नसतील ना, डांबरी वाहनतळाशेजारच्या तापमापकावर विसंबावे काय? या शंका व्याख्यानांतून मिरवीत न बसता त्यांनी २०१० साली स्वतंत्र प्रकल्प उभारला आणि हजारो केंद्रांच्या नोंदी नव्याने तपासल्या. देणगीदारांत तेलउद्योगपती चार्ल्स कोक यांची संस्थाही होती. तरीही अडीचशे वर्षांत भूभागाचे तापमान सुमारे १.५ अंश सेल्सिअसने वाढले असून ती वाढ जवळजवळ सर्वस्वी मानवनिर्मित आहे, असे मुलर यांनी २०१२ साली जाहीर केले.

याउलट, गैरजागी बसविलेल्या तापमापकांची छायाचित्रे स्वयंसेवकांकरवी जमवून ही हरकत गाजविणारे अमेरिकेतील माजी हवामान-निवेदक अँथनी वॉट्स यांनी, मुलर यांचा निष्कर्ष आपल्या समजुतीविरुद्ध गेला तरी आपण तो स्वीकारू, असे मार्च २०११ मध्ये लेखी म्हटले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रकल्पाचे पहिले निष्कर्ष खरोखरच विरुद्ध गेल्यावर, निबंधांचे तज्ज्ञपरीक्षण झालेले नाही, कालखंड चुकीचा निवडला, अशा तक्रारी निघाल्या आणि दिलेला शब्द बासनात गेला. हरकतीत तथ्य होते, म्हणूनच तर तिची तपासणी झाली; दोष हरकतीत नाही, निवाडा लागल्यावरही ती मागे न घेण्यात आहे.

तेव्हा वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, पुढल्या खेपेस असा कोणी शंकेखोर भेटला, तर त्याची पदवी वा थैली चाचपण्याआधी, कोणता पुरावा दाखविला असता आपण हरकत मागे घ्याल, एवढे त्याला विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.