शाळेतले रिकामे संगणक आणि जगाचे काम

शाळेत किती संगणक आहेत, हा प्रश्न आपल्याला दर वर्षी विचारला जातो. आकडा तक्त्यात भरला की काम संपते. ते संगणक दिवसातून किती तास चालतात, हे मात्र कुणी विचारत नाही.

आपल्या भागातल्या अनेक उर्दू आणि मराठी शाळांची कथा सारखीच आहे. शासनाच्या आयसीटी योजनेतून संगणक आले, सोबत ठेक्यावर शिकवणारा निदेशकही आला. मुदत संपली, निदेशक गेला, संगणक राहिले. काही ठिकाणी त्यांच्यावर कापड आहे आणि खोलीला कुलूप. जिथे लॅब चालू आहे, तिथेही एका वर्गाला आठवड्यातून दोन तासिका मिळतात. बाकी वेळ यंत्र चालू असले तरी पडद्यावर घड्याळ फिरत असते.

या रिकाम्या वेळेचा एक उपयोग जगात पंचवीसहून अधिक वर्षे होत आला आहे. आपल्याकडे त्याची चर्चा झालेली दिसत नाही, म्हणून हा लेख.

मे १९९९ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले केंद्राने 'सेटी ॲट होम' नावाचा प्रकल्प सुरू केला. पोर्तो रिको बेटावरील अरेसिबोच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरींत परग्रहावरचा एखादा संकेत आहे का, हे शोधायचे होते. माहिती अफाट होती आणि महासंगणक परवडणारा नव्हता. मग शास्त्रज्ञांनी त्या माहितीचे लहान तुकडे केले आणि लोकांना सांगितले, तुमचा संगणक रिकामा असेल तेव्हा यातला एक तुकडा तपासून द्या. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी हात लावला. ३१ मार्च २०२० रोजी नवे तुकडे पाठवणे थांबले. परग्रहवासी सापडले नाहीत, पण लाखो साध्या संगणकांना एका कामाला जुंपता येते, हे सिद्ध झाले.

त्या अनुभवातून बर्कलेतच 'बोइंक' नावाची मोफत प्रणाली तयार झाली. ती संगणकात टाकली की आपण निवडलेल्या प्रकल्पाकडून गणिताचा एक तुकडा येतो. आपले काम चालू असेल तेव्हा ती मागे सरकते, यंत्र मोकळे झाले की पुढे येते. गणित पूर्ण झाले की उत्तर परत जाते. चूक राहू नये म्हणून अनेक प्रकल्प तोच तुकडा दोन वेगवेगळ्या संगणकांना देतात आणि उत्तरे जुळवून पाहतात. शिक्षकाला ही पद्धत समजावून सांगायची गरज नाही. एकच उत्तरपत्रिका दोघांनी तपासावी, तसेच हे.

याचा मराठवाड्याशीही संबंध आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. अमेरिकेतील लायगोच्या नोंदी तपासणारा 'आइनस्टाइन ॲट होम' हा प्रकल्प २००५ पासून स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालतो. याच प्रकल्पाने अरेसिबोच्या नोंदींतून शोधलेला एक नवा पल्सार तारा २०१० मध्ये जाहीर झाला. त्याचा माग ज्या यंत्रांनी काढला, त्यातले एक अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका जोडप्याच्या घरी होते आणि दुसरे जर्मनीतील माइन्झ विद्यापीठाच्या संगीत विभागाशी संबंधित. संगीतवाल्यांचे यंत्र तारा शोधू शकते, तर हिंगोली-परभणीच्या शाळेतले यंत्र त्या रांगेत का बसू नये?

२०२० च्या टाळेबंदीत 'फोल्डिंग ॲट होम' या प्रकल्पाकडे कोरोना विषाणूची प्रथिने कशी हलतात-वळतात हे समजून घेण्यासाठी इतके लोक आले, की एकत्रित वेग सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणिती क्रियांच्या पुढे गेला.

आता दुसरी बाजू. रिकामे म्हणजे फुकट नव्हे. संगणक नुसता चालू असताना ५० वॅट घेतो आणि पूर्ण कामाला लागला की १०० वॅट, असे धरू. वीस संगणक शाळेच्या वेळेत रोज पाच तास या कामाला लावले तर जादा वीज पाच युनिट. दहा रुपये युनिट धरले तर रोजचे ५० रुपये, महिन्याच्या २४ दिवसांचे १,२०० रुपये. तेच संगणक बंद न करता रात्रभर सोळा तास चालवले, तर एका रात्रीचे ३२ युनिट, म्हणजे ३२० रुपये, आणि महिन्याचे साडेसात हजारांच्या वर. वेतनेतर अनुदानाची वाट पाहणाऱ्या शाळेला हा आकडा लहान नाही. शिवाय एप्रिलच्या उन्हात बंद खोलीत यंत्र तापवणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे. फार जुने संगणक तर वीज जास्त खातात आणि गणित कमी करतात. त्यांना या कामातून वगळलेलेच बरे.

परवानगीचा प्रश्न याहून मोठा आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका तांत्रिक महाविद्यालयाचे संगणक सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने १९९९ मध्ये असाच एक कार्यक्रम तिथल्या यंत्रांवर टाकला. हेतू वाईट नव्हता, तरी त्याच्यावर फौजदारी खटला झाला. जानेवारी २००२ मध्ये एक वर्षाचे प्रोबेशन, २,१०० डॉलरची भरपाई आणि ८० तास समाजसेवा यावर प्रकरण मिटले. २००९ मध्ये ॲरिझोनातील शाळांचे संगणक सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला 'सेटी ॲट होम' चालवल्याच्या कारणावरून नोकरी सोडावी लागली.

शिक्षा जास्त होती की योग्य, यावर वाद घालता येईल. पण मूळ मुद्दा सरळ आहे. शाळेचा संगणक ही अमानत आहे. ती आपल्या ताब्यात आहे, आपल्या मालकीची नाही. नेक कामासाठीसुद्धा अमानतीतून परस्पर खर्च करता येत नाही. स्वतःच्या घरच्या संगणकाचा वेळ द्यायला कुणाची इजाजत लागत नाही, शाळेच्या संगणकाचा द्यायला लागते, आणि तीही लेखी.

सर्वात खरा आक्षेप मात्र पालकांचा असेल. ते म्हणतील, 'सर, आमच्या मुलीला माऊस धरायला मिळत नाही आणि तुम्ही संगणक शास्त्रज्ञांना देताय?' या आक्षेपासमोर माझी मान झुकते. ज्या शाळेत लॅबला कुलूप आहे, तिने आधी कुलूप काढावे. मुलांना न दिलेला वेळ जगाला देणे हे दान नव्हे.

पण हे काम मुलांचा वेळ हिसकावत नाही, कारण ते उरलेल्या ताकदीवर चालते. किंबहुना लॅब उघडायला ते एक निमित्त देते. आठवीच्या मुलांनी शाळेच्या नावाचा गट नोंदवावा. आज किती तुकडे पूर्ण झाले, हे फळ्यावर लिहावे. विजेचा हिशोब मुलांनीच गणिताच्या तासाला मांडावा. पल्सार म्हणजे काय, प्रथिन म्हणजे काय, हे विज्ञानाच्या तासाला विचारावे आणि उर्दू-मराठी दोन्हींत भित्तिपत्रकावर लिहावे. आपल्या वीस संगणकांनी जगाच्या गणितात थेंबभर भर पडेल. मुलांच्या मनात पडणारी भर त्याहून मोठी असेल.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. संस्थाचालक आणि शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव असावा. प्रणाली मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. निष्कर्ष सर्वांसाठी खुले करणारा प्रकल्प निवडावा. काम फक्त शाळेच्या वेळेत, खोली उघडी असताना चालावे, आणि प्रोसेसर निम्म्याहून जास्त वापरला जाऊ नये, अशी मर्यादा प्रणालीतच घालता येते. उन्हाळी सुट्टीत सर्व बंद. तीन महिन्यांनी वीजबिल समितीपुढे ठेवावे आणि पुढे चालवायचे की नाही ते ठरवावे.

आपल्या जलशांत आणि स्नेहसंमेलनांत नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिझमीचे नाव अभिमानाने घेतले जाते. अल्गोरिदम हा शब्द त्याच्या नावावरून आला, हे आपली मुले पाठ सांगतात. ज्या खोलीत ते अल्गोरिदम चालायचे, तिची किल्ली मात्र शिपायाच्या जुडग्यात असते. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवा: आपले संगणक काल किती तास चालले आणि कुणासाठी? जगाच्या कामात सहभागी व्हायचे की नाही, हे त्यानंतर ठरवू. आधी या प्रश्नाचे उत्तर तर येऊ द्या.