धुळीचा अनुस्वार

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

लहान मूल पहिल्यांदा अक्षरे काढू लागले, की ते 'धुळाक्षरे गिरवते आहे' असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पाटीवर बारीक धूळ पसरून तिच्यावर बोटाने अक्षरे काढण्याचा तो काळ आमच्या आजोबांच्याही आधीचा. धूळपाटी गेली, शब्द तेवढा राहिला. मी स्वतः पाटी-पेन्सिलीवर शिकलो. माझे खरे धुळाक्षर मी काढले ते पदवीच्या दुसऱ्या वर्षी, आणि तेही महाविद्यालयाच्या कॅमेऱ्यात. तो एक अनुस्वार होता. त्या एका अनुस्वारापायी सातशे-आठशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसाचे नाव मी बदलून टाकणार होतो. तो प्रसंग आणि त्यानंतर आमच्या कॅमेऱ्याच्या नशिबी आलेला कपाटवास, या दोन्हींविषयी मला काही म्हणावयाचे आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या इतिहास विभागाची सहल सोलापूर जिल्ह्यात गेली होती. भीमा आणि सीना यांच्या संगमावरचे हत्तरसंग कुडल आम्हाला पाहावयाचे होते. तेथल्या संगमेश्वर मंदिरातील तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे आणि मराठीच्या आद्य शिलालेखांत तो गणला जातो. तो पाहून परत येताना आम्ही आडवाटेच्या एका गावी थांबलो. गावाच्या मारुतीच्या पाराला टेकून तीन-चार वीरगळ उभे होते. वीरगळ आपल्याकडे गावोगावी आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्यात शिवपिंडीची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, हा त्यांचा ठरलेला क्रम. पण महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नसते. कोण लढला, कोण पडला, हे दगड सांगत नाही. त्या चारांपैकी एकावर मात्र दोन ओळी होत्या, झिजलेल्या, पण देवनागरी. सरांनी अक्षरवटिका पाहून 'यादवकाळातला असावा' एवढेच म्हटले आणि मला फोटो घ्यावयास सांगितले.

उसाचा हंगाम होता. पाराला लागूनच कच्चा रस्ता आणि त्यावरून ट्रॉल्यांची रीघ. काळ्या मातीचा फुफाटा घोट्याइतका होता. मी दूरची लेन्स काढली आणि जवळची लावण्यासाठी तिचे झाकण शोधू लागलो. एका हातात लेन्स, दुसऱ्या हातात आ वासलेला कॅमेरा, तोंड आकाशाकडे. तेवढ्यात ट्रॅक्टर गेला. धुरळा बसेपर्यंत आम्ही सर्वांनी नाकाला रुमाल लावले. कॅमेऱ्याच्या तोंडाला रुमाल लावण्याचे कुणालाच सुचले नाही.

घरी आल्यावर मी लेख लिहावयास बसलो. फोटोची काळी-पांढरी प्रत काढली, अक्षरे ठसठशीत दिसावीत म्हणून संगणकावर काळे अधिक काळे केले आणि वाचू लागलो. वीराच्या नावातल्या पहिल्या अक्षरावर स्पष्ट अनुस्वार होता. त्या अनुस्वाराने नाव वेगळेच झाले. वेगळ्या नावावरून मी वेगळे कुळ काढले आणि कुळावरून आठ पाने लिहिली. तो लेख याच नियतकालिकासाठी होता.

सरांनी लेख वाचला, फोटो पाहिला आणि विचारले, "दुसरा फोटो आहे का रे?" होता. पहिला घेतल्यावर मी अर्धे पाऊल सरकून आणखी एक घेतला होता. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. दुसऱ्या फोटोत अनुस्वार पहिल्या अक्षरावर नव्हताच. तो उडी मारून दुसऱ्या अक्षरावर जाऊन बसला होता. मग सहलीतले सगळेच फोटो काढले. कुडलच्या मंदिरावर जे निरभ्र आकाश होते, त्यातले फोटो धुरळ्याआधीचे, ते स्वच्छ. नंतरच्या प्रत्येक फोटोत, उजवीकडे वर, अगदी त्याच जागी तो ठिपका होता. नदीवरच्या फोटोत तो पक्षी वाटत होता, वर्गमित्रांच्या घोळक्यात एकीच्या कपाळावर टिकली. हा पक्षी, ही टिकली आणि हा अनुस्वार आमच्याबरोबर एस. टी. ने परत आला होता. पुढच्या महिन्यात सर स्वतः कागद आणि शाई घेऊन गेले आणि लेखाचा ठसा घेऊन आले. ठशात तेथे काहीच नव्हते. माझी आठ पाने रद्दीत गेली.

हे कसे झाले, ते आमच्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी समजून घेणे बरे. फिल्मच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा पुढे येई. धुळीचा कण आला तरी बहुधा फिल्मबरोबर पुढे सरके. कण फिल्मच्या डबीच्या तोंडाशी अडकला तर रोलभर रेघ उठे, हे खरे, पण रोल संपला की तीही संपे. आताच्या कॅमेऱ्यात पडदा एकच. छत्तीस मिलिमीटर लांब आणि चोवीस रुंद, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत त्याहूनही लहान. सगळी चित्रे त्याच एका पडद्यावर उमटतात. त्यावर बसलेला कण तुम्ही उठवीपर्यंत उठत नाही.

शिवाय कण प्रत्यक्ष सेन्सरवर बसत नाही, त्याच्या पुढच्या पातळ काचेवर बसतो आणि त्याची सावली मागे पडते. लेन्सचे प्रकाशछिद्र मोठे ठेवले तर सावली विरून जाते. एफ/१६, एफ/२२ असे बारीक केले की ती घट्ट होते. म्हणजे माणसांचे फोटो काढताना जो डाग दिसत नाही, तोच शिलालेख नीट टिपण्यासाठी छिद्र बारीक केले की हजर होतो. जेथे सर्वांत अधिक काळजी हवी, तेथेच तो फसवतो. २००३ साली ऑलिंपसच्या ई-१ या कॅमेऱ्यात काचेला अतिशय वेगाने थरथरवून धूळ झटकण्याची सोय आली, आणि पुढे इतरांनीही ती उचलली. कोरडी धूळ तिने पुष्कळ झडते. चिकट धूळ झडत नाही. जेजुरीला सोमवतीच्या दिवशी जाऊन आलेल्यांना हे ठाऊक असेल. भंडाऱ्यातल्या हळदीला तेलाचा अंश असतो. ती झटकून जात नाही आणि पुसू गेले तर पसरते.

आता माझा दुसरा अपराध सांगतो. डागाचे कारण कळल्यावर मी शहाणपणा केला. कॅमेरा उघडला आणि तोंडाने फुंकर मारली. कण गेला असेल नसेल, थुंकीचे तुषार मात्र बसले. एका डागाचे सात झाले. कॅमेरा शहरात पाठवून साफ करून आणावा लागला, आणि तो परत आला तो थेट कपाटात गेला. 'विद्यार्थ्यांना बाहेरगावी कॅमेरा मिळणार नाही' असे ठरले. चूक माझी होती आणि मी ती कबूल केली आहे. पण या निर्णयाविषयी माझा नम्र मतभेद आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कपाट हे स्वच्छतेचे ठिकाण नव्हे. पावसाळ्याचे चार महिने कोंदट कपाटात राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरते. धूळ फुंकून जाते, बुरशी काच खाते. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण झाकलेला कॅमेरा सव्वा पैशाचा होण्यास फार वर्षे लागत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कॅमेरा थांबेल, दगड थांबणार नाहीत. ज्या गावी आम्ही गेलो होतो, तेथे चारांपैकी एका वीरगळावर शेंदराचा थर चढला होता आणि दुसऱ्याला कुणी भक्तिभावाने निळा ऑईलपेंट फासला होता. लोकांचा हेतू वाईट नसतो. पण अक्षरांचा वीरगळ रंगला, तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी स्वच्छ कॅमेरा नेऊन काय टिपावे?

माझे मित्र दोन उपाय सुचवतात. एक म्हणतो, फोन आहे ना! फोनची लेन्स बदलावी लागत नाही, आत धूळ जाण्याची वाट जवळजवळ बंद. हे मला मान्य आहे, आणि त्यात उणेपणा मानण्याचेही कारण नाही. महत्त्वाच्या प्रत्येक दगडाचा एक फोटो फोनवर जरूर घ्यावा. तो दुसरा साक्षीदार होतो. माझ्याकडे असा एक फोटो असता, तर माझी आठ पाने लिहिलीच गेली नसती. पण तिरप्या उजेडात झिजलेले अक्षर उठावदार टिपण्यासाठी चांगला कॅमेरा आणि योग्य लेन्स लागते, हेही तितकेच खरे.

दुसरा म्हणतो, संगणकावर एक टिचकी मारली की डाग नाहीसा होतो, मग एवढा खटाटोप कशाला? याला माझा विरोध आहे. संगणक डाग पुसतो म्हणजे आजूबाजूचे पाहून तेथे काय असावे याचा अंदाज भरतो. लग्नातल्या फोटोत, आकाशात, समुद्रात हा अंदाज कुणाचे काही बिघडवीत नाही. शिलालेखात मात्र तो डागापेक्षा वाईट. डाग निदान डाग म्हणून पकडता येतो, दुसऱ्या फोटोशी ताडून पाहता येतो. अंदाज पकडता येत नाही. आज मी धुळीचा अनुस्वार पुसेन आणि उद्या संगणक खरा अनुस्वार धूळ समजून पुसेल. ज्याला इतिहासाचा कागद करावयाचा आहे, त्याने मूळ फोटो जसाच्या तसा ठेवावा. प्रतीत काही पुसले असेल तर तसे खाली लिहावे.

मग करावे काय? शिकावे, आणि शिकवावे. कपाटाच्या कुलपापेक्षा पुढील गोष्टी स्वस्त आहेत. निघण्यापूर्वी छिद्र बारीक करून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या कागदाचा एक फोटो घ्यावा. ठिपके असतील तर त्यात दिसतात. कागदाचा फोटो मुद्दाम अस्पष्ट घ्यावा, म्हणजे कागदाचेच ठिपके मोजण्याची पाळी येत नाही. रोज संध्याकाळी मुक्कामावर पुन्हा तसाच फोटो घ्यावा. लेन्स शक्यतो बदलू नये. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून, वाऱ्याकडे पाठ करून, तोंड जमिनीकडे धरून, दुसरी लेन्स आधी मोकळी करून मगच बदलावी. रस्त्यावर नव्हे, देवळात, शाळेच्या खोलीत, निदान मोठ्या पिशवीच्या आत. लेन्सची मागची झाकणे आणि कॅमेऱ्याची पिशवी वेळोवेळी झाडावी, कारण निम्मी धूळ आपण घरूनच नेतो. पुढेमागे सरकणाऱ्या झूम लेन्सा भात्याप्रमाणे हवा आत ओढतात, म्हणून त्याही बाहेरून पुसून घ्याव्यात.

इतके करूनही कण बसलाच, तर रबरी फुगा हे पहिले शस्त्र. बॅटरी पुरती भरलेली असावी, कारण सफाई चालू असताना ती संपली तर आरसा खाली येतो. कॅमेरा उताणा न धरता पालथा धरावा, फुग्याचे टोक आत न घालता हवा मारावी आणि पुन्हा आकाशाचा फोटो घेऊन पाहावे. डाग चित्रात वर दिसला तर सेन्सरवर तो खाली असतो, हे ध्यानात ठेवावे. तोंडाने फुंकू नये, हे मी अनुभवाने सांगतो. डब्यातली दाबाची हवाही नको, तिच्यातले द्रव्य काचेवर उडते. ओल्या पट्टीने पुसणे हा शेवटचा उपाय. तो जाणकाराकडून शिकल्याशिवाय आणि मुक्कामाच्या बंद खोलीत असल्याशिवाय करू नये. कॅमेऱ्याच्या पिशवीत एक वही असावी. कोणी नेला, कोठे नेला, परत आणला तेव्हा आकाशाचा फोटो कसा होता, एवढे तीत लिहावे. मी चूक केली त्या दिवशी अशी वही असती, तर डाग माझ्या लेखात येण्याऐवजी वहीत आला असता.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण मी लहानपणापासून ऐकली होती. वीरगळ कोरणाऱ्या पाथरवटाच्या अक्षरात मी अनुस्वार पाहिला, तो माझ्याच कॅमेऱ्याच्या डोळ्यात होता. जुन्या लेखांतल्या चुका काढताना आता मी आधी माझा कॅमेरा तपासतो, आणि कॅमेरा तपासून झाल्यावर माझी घाईही.

पंढरपूरला पोचलेला वारकरी पाय धुण्यापूर्वी, वाटेची धूळ अंगावर असतानाच देवाच्या भेटीला जातो. त्या भेटीला धूळभेट म्हणतात. धूळ लागली म्हणजे वाट चालला, एवढाच तिचा अर्थ. अंघोळ नंतर असतेच, आणि ती टाळावयाची नसते. आमच्या कॅमेऱ्याला वाटेची धूळ लागली, ती त्याला कोणी धुण्यास शिकले नव्हते म्हणून राहिली. त्यासाठी त्याची वारीच बंद करू नये, एवढीच माझी विनंती आहे. त्या गावचा चौथा वीरगळ अजून रंगलेला नाही. निदान सरांनी ठसा घेतला त्या दिवशी रंगलेला नव्हता. त्यावरच्या दोन ओळींपैकी दुसरी अजून कुणी नीट वाचलेली नाही.