आरशासमोर बसण्याचा संकल्प

नवे वर्ष जवळ आले की आमच्या गोव्यात पोरे गवताचा 'म्हातारा' करतात, त्याच्या नावाने येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे मागतात आणि ३१ डिसेंबरच्या रात्री त्याला जाळतात. सरले वर्ष, सुटलो! मोठ्या माणसांचे संकल्पही याच जातीचे. जुना मी नको, नवा हवा. फेब्रुवारीत म्हातारा परत हजर...

अशा वेळी एखादा चित्रकार जाहीर करतो की या वर्षी दर आठवड्याला मी माझेच एक चित्र काढणार. लगेच लोक म्हणतात, "स्वतःवर भारीच प्रेम दिसते याचे!" मला हे पटत नाही. आत्मचित्र म्हणजे आत्मस्तुती नव्हे.

रेंब्राँचेच बघा. चाळीसेक वर्षांत त्याने रंगांत, रेखाटनांत आणि छापचित्रांत मिळून स्वतःला ऐंशीच्या आसपास वेळा उतरवले. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले. १६६९ साली, मरणाच्या वर्षीसुद्धा, तो आपले सुटलेले गाल आणि जाडसर नाक जसेच्या तसे रंगवत होता. त्याने आपला म्हातारा जाळला नाही, समोर बसवला.

व्हॅन गॉगचे कारण तर अगदी साधे. मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने बरासा आरसा विकत घेतला. पॅरिसमधल्या दोन वर्षांत, १८८६ ते १८८८, त्याने स्वतःची पंचवीसहून अधिक चित्रे केली. पुढे त्याने कापला तो डावा कान. पण १८८९ च्या चित्रात पट्टी उजवीकडे दिसते, कारण आरशात डावे-उजवे उलटते. म्हणजे आरशातला चेहरा जगाला दिसतच नाही. तो फक्त आपल्याला ठाऊक असतो.

आणि आपला सूझा? साळगावात १९२४ साली जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा. लहानपणी देवी आल्या, जीव वाचला, चेहऱ्यावर वण राहिले. १९४५ साली जे. जे. स्कूलमधून काढून टाकले गेले, १९४७ साली त्याने सोबत्यांना घेऊन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला, १९४९ साली लंडन गाठले. त्याने काढलेल्या कितीतरी चेहऱ्यांवर खड्डे आणि ओरखडे आहेत. ते पाहताना मला तरी ते वणच आठवतात. आजच्या मोबाइलने फोटो काढताना सगळ्यांत आधी तेच पुसले असते!

सेल्फीत आणि आत्मचित्रात फरक आहे तो हाच. सेल्फी लोकांना दाखवण्यासाठी काढतात, आवडली नाही तर पुसतात. आत्मचित्राला तास-दोन तास स्वतःकडे बघत बसावे लागते, आणि आवडले नाही तरी ते उरते.

मंडळी, ही सवय एकट्या चित्रकाराच्या कामाची नाही. गोव्याचे चित्र आजवर बहुतेक जाहिरातवाल्यांनीच काढले. किनारा, माड, पांढरीशुभ्र इगर्ज. त्यात खाणींनी पोखरलेले डोंगर कुठे आहेत? पडीक शेते, कुलूप लागलेली घरे? आपला चेहरा आपणच बघितला नाही तर दुसरे कोणी तो गुळगुळीत करून विकणारच.

म्हणून या संकल्पाला माझा पाठिंबा. नियम थोडेच ठेवावेत. आरसा तोच, वेळ तीच, खोडरबर दूर. चित्र कसेही होवो, खाली तारीख घालावी आणि कागद फाडू नये. डिसेंबरात बावन्न चेहरे ओळीने मांडावेत. त्यांतला एकही जाळावासा वाटला नाही, तर वर्ष सार्थकी लागले असे खुशाल समजावे.